तीनदा गोळी देऊनही न जाणारा जंत: इतवारीतल्या एका मांजरीचं प्रकरण

मारबतीनंतर (नागपुरात पोळ्यानंतर इडापिडा घालवायला निघते ती पुतळ्यांची मिरवणूक) तिसऱ्या दिवशी सकाळी एक काकू वेताच्या टोपलीत मांजर घेऊन माझ्या प्राण्यांच्या दवाखान्यात आल्या. टोपलीवर ओढणी बांधलेली, सोबत सात वर्षांचा नातू आणि प्लॅस्टिकच्या फाइलीत तीन कागद. टोपली टेबलावर टेकवायच्या आधीच त्यांनी फाइल माझ्या हातात दिली.

"मॅडम, तीनदा गोळी देऊन झाली. तरी जंत निघूनच राहिले. हा पोरगा रात्री तिलेच कुशीत घेऊन झोपते. याले काही होईन का, तेवढं पहिले सांगा."

मांजर चिंगी, पट्ट्यापट्ट्यांची, वय अंदाजे ३ वर्षं, नसबंदी झालेली मादी, वजन ३.१ किलो. घर इतवारीत. पुढे धान्याचं दुकान, मागे गोदाम, वर राहायच्या खोल्या. चिंगीचा दिवस खोलीत जातो आणि रात्र गोदामात, तूर-हरभऱ्याच्या पोत्यांमध्ये. दोन महिन्यांपासून तिची शी पातळसर होती, कधी त्यात आव, रक्त मात्र एकदाही नाही. भूक चांगली, वजन घटलेलं नाही, केस चकचकीत. हिरड्या गुलाबी होत्या, पोट मऊ होतं, दाबल्यावर ती कुठेही कण्हली नाही. तपासून झाल्यावर माझ्या मनात आलं की हे मांजर आजारी दिसत नाही, पण कागद तिला आजारी म्हणताहेत.

एका खासगी लॅबचे ते तीन रिपोर्ट होते, साधारण तीन-तीन आठवड्यांच्या अंतराचे. तिन्हींवर एकच ओळ होती: ट्रायच्युरिस व्हल्पिसची अंडी आढळली. ट्रायच्युरिस म्हणजे चाबूक जंत. किती अंडी, किती लांब, किती रुंद, कशी दिसत होती, यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक रिपोर्टनंतर घरच्यांनी औषधाच्या दुकानातून मांजरांची जंताची गोळी आणून दिली होती. गोळीत पायरँटेल आणि प्राझिक्वांटेल. पायरँटेल गोल जंतांवर आणि अंकुशकृमींवर चालतं, प्राझिक्वांटेल पट्टकृमींवर. चाबूक जंतावर या दोन्हींचा भरवसा नाही. तेव्हा गोळी "लागू पडली नाही" यात नवल नव्हतं. पण त्याही आधीचा प्रश्न होता नावाचा. व्हल्पिस हा कुत्र्याचा आणि कोल्ह्याचा चाबूक जंत आहे. मांजरीच्या कागदावर तो तीनदा आला तो कशाच्या आधारावर?

चाबूक जंत आपल्याकडे कुत्र्यात नेहमी भेटतो, मांजरात क्वचित. म्हणून मांजरीच्या विष्ठेत लिंबाच्या आकाराचं, दोन्ही टोकांना बूच असलेलं अंडं दिसलं की हात आपोआप कुत्र्याच्या जंताचं नाव लिहितो. एकेकाळी मीही लिहिलं आहे. या प्रकरणाने ती सवय मोडली, म्हणून ते सविस्तर मांडते आहे.

नमुना ताजा हवा

आधीचे तिन्ही नमुने कसे घेतले होते ते मी विचारलं. काकूंच्या मुलाने गोदामाच्या फरशीवरून उचलून डबीत भरले होते, कधी सकाळचे, कधी आदल्या दिवशीचे. ज्या फरशीवर उंदरांच्या लेंड्याही पडलेल्या असतात, तिथून उचललेल्या नमुन्यात कुणाचं काय मिसळलं असेल याला धरबंध राहत नाही. त्यामुळे त्या दिवशीचा नमुना मी चिंगीच्या गुदाशयातूनच थेट घेतला. त्यात जे काही दिसेल ते तिच्या पोटातूनच आलेलं असणार, एवढी तरी खात्री झाली.

चाबूक जंताची अंडी जड असतात. मिठाच्या द्रावणात नळी नुसती उभी ठेवली तर ती सहज निसटतात. मी साखरेचं दाट द्रावण वापरते: ३५५ मिलिलीटर पाण्यात ४५४ ग्रॅम साखर. त्यात एक ग्रॅम विष्ठा कालवून, गाळून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची आणि मग वर आलेला थर कव्हरस्लिपवर, म्हणजे स्लाइडवर ठेवायच्या पातळ काचेवर, उचलायचा. वेळ थोडा जास्त लागतो, पण दोन-चार अंडी असली तरी हाती लागतात. मात्र साखरेत फार वेळ राहिलेलं अंडं एका बाजूने चेपतं, आणि चेपलेलं अंडं मोजून उपयोग नाही. म्हणून मोजायच्या स्लाइड मी लगेच पाहते.

पहिल्या कव्हरस्लिपखाली २२ अंडी मिळाली. तपकिरी, पिंपासारखी, कवच जाड आणि गुळगुळीत, दोन्ही टोकांना पारदर्शक बूच, आत एकसंध दाणेदार गर. जियार्डिया या जुलाब करणाऱ्या एकपेशीय परजीवीसाठी सलाइनमधली ओली स्लाइड पाहिली, किटवरही तपासलं. दोन्हीकडे काही निघालं नाही.

बूच, कवच आणि मग मोजपट्टी

अंडं समोर आलं की मी आधी बूच बघते, नंतर कवच, आणि माप सगळ्यांत शेवटी. उलट केलं की मापच आपल्याला ओढून नेतं.

दोन बूच असलेली अंडी एकट्या चाबूक जंताचीच नसतात. कॅपिलारिया कुळातल्या जंतांचीही तशीच असतात आणि मांजरात ते अनेक ठिकाणी राहतात: फुफ्फुसात, मूत्राशयात, जठरात, लहान आतड्यात. फुफ्फुसातल्या जंताची अंडी खोकल्याबरोबर घशात येतात, गिळली जातात आणि विष्ठेत उतरतात. त्यांची लांबी चाबूक जंताच्या अंड्याच्या इतकी जवळ जाते की नुसत्या मापाने फरक करायला बसलं तर चूक ठरलेलीच. फरक दिसतो तो बुचात आणि कवचात. चाबूक जंताचं बूच बाहेर ठळक डोकावतं, त्याच्या मुळाशी कवचाची कड अंगठीसारखी जाड होते, आणि दोन्ही बुचं एका रेषेत समोरासमोर असतात. कॅपिलारियाचं बूच बसकं असतं, बऱ्याचदा एक जरा इकडे आणि दुसरं जरा तिकडे सरकलेलं. कवचही वेगळं. बारीक फोकस किंचित वर-खाली केला की कॅपिलारियाच्या कवचावर रेघा, जाळी किंवा खाचा उमटतात. चाबूक जंताचं कवच कितीही फोकस फिरवला तरी काचेसारखं गुळगुळीत राहतं. उंदराच्या यकृतातल्या कॅपिलारियाची अंडी उंदीर खाल्लेल्या मांजरीच्या विष्ठेत येऊ शकतात. त्यांच्या जाड कवचात आरपार आडव्या रेघा असतात, त्या एकदा ओळखीच्या झाल्या की विसरत नाहीत.

चिंगीच्या २२ अंड्यांपैकी एकाचंही बूच तिरपं नव्हतं, एकाच्याही कवचावर रेघ नव्हती. कुळ ठरलं: ट्रायच्युरिस. पुढचा प्रश्न, ट्रायच्युरिसमधला कोणता?

आता मोजपट्टी. माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसमध्ये रेघांची चकती आहे. तिची एक रेघ म्हणजे किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), हे दर लेन्सला वेगळं असतं. ते ठरवायला एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेली काचेची पट्टी स्टेजवर ठेवून दोन्ही रेघा जुळवून पाहाव्या लागतात. माझ्या ४० च्या लेन्सला एक रेघ २.५ मायक्रॉनची भरते. लेन्स बदलली, आयपीस बदलला, की हे काम पुन्हा करायचं. ज्या रिपोर्टमध्ये माप आहे पण लेन्स कधी जुळवली होती त्याची नोंद नाही, त्या मापावर मी विसंबत नाही. माप बुचांसकट घेतलं की बुचं सोडून, हेही लिहून ठेवायला हवं. दोन्हींत चार-पाच मायक्रॉनांचा फरक सहज पडतो. मी बुचांसकट घेतलं.

बहुतेक अंडी लांबीला २७ रेघा आणि रुंदीला १३ रेघा भरली, म्हणजे ६७.५ बाय ३२.५ मायक्रॉन. सगळ्या अंड्यांची लांबी ६५ ते ७० मध्ये आणि रुंदी ३० ते ३५ मध्ये बसली.

ही मापं पुस्तकातल्या आकड्यांशेजारी ठेवली की गुंता कळतो. कुत्र्याच्या व्हल्पिसची अंडी साधारण ७० ते ९० मायक्रॉन लांब आणि ३२ ते ४० रुंद असतात. माणसाच्या चाबूक जंताची बरीच लहान, ५० ते ५५ लांब. मांजरीच्या कॅम्पॅन्युला या जातीची ६३ ते ८५ लांब आणि ३४ ते ३९ रुंद अशी नोंद आहे. उंदराच्या म्युरिस या जातीची ७० च्या आसपास लांब. चिंगीची अंडी व्हल्पिससाठी आखूड होती आणि माणसाच्या जंतासाठी फार मोठी. कॅम्पॅन्युलाच्या लांबीत बसत होती पण रुंदीला अरुंद. उंदराच्या जंताच्या लांबीशीही जुळत होती. पण दीड-दोन मायक्रॉनांच्या रुंदीवरून मांजर की उंदीर हे ठरवणं म्हणजे फुटपट्टीने केस मोजण्यासारखं. तेवढा फरक कव्हरस्लिपच्या दाबानेही पडतो. व्हल्पिस मात्र नव्हता, एवढं मी निःशंकपणे लिहू शकत होते.

मांजरीच्या चाबूक जंताची नावं

इथे थोडं थांबून नावांबद्दल लिहायला हवं, कारण प्रत्यक्ष जंत हाती आला तरी मांजरीत जात ठरवणं सोपं नाही.

मांजरीच्या चाबूक जंताला १८५१ मध्ये डीजिंग या अभ्यासकाने फेलिस असं नाव दिलं. नंतर जर्मन अभ्यासक फॉन लिन्स्टोने १८७९ मध्ये सेराटा आणि १८८९ मध्ये कॅम्पॅन्युला या जाती मांडल्या. लॅटिनमध्ये कॅम्पॅन्युला म्हणजे लहानशी घंटा आणि सेराटा म्हणजे करवतीसारखे दाते असलेली. नावं दिसण्यावरून पडली, कारण तेव्हा दिसणं हाच एक आधार होता. ही नावं खरोखर वेगळ्या जातींची आहेत की एकाच जंताची, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. २०१५ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्स बेटावरच्या मांजरींमधल्या सेराटाचा डीएनए अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यामुळे नावांच्या या जुन्या गुंत्यात डोळ्याच्या जोडीला दुसरा एक आधार आला.

गंमत म्हणजे कुळाचं नावच मुळात चुकून पडलेलं. ट्रायच्युरिस म्हणजे केसासारखी शेपटी. १७६१ मध्ये नाव पडलं तेव्हा बारीक टोकालाच शेपूट समजलं गेलं. खरं तर बारीक टोक म्हणजे जंताची पुढची बाजू, तोंडाकडची. चूक लक्षात आल्यावर केसासारखं डोकं अशा अर्थाचं दुसरं नाव सुचवलं गेलं, पण पहिल्या नावाचा हक्क मोठा, म्हणून आजही कुळ शेपटीच्याच नावाने ओळखलं जातं. मराठीतला चाबूक त्या मानाने अचूक: बारीक वादी पुढे, जाड मूठ मागे.

एवढा घोळ असताना नुसत्या अंड्यावरून मांजरीच्या जंताची जात लिहायची नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. जात ठरवायला प्रौढ जंत हवा, त्यातही नर हवा. पण प्रौढ जंत मांजरीच्या पोटात आहे की नाही, हेच अजून कळलेलं नव्हतं.

खोलीत बंद केलेली चिंगी

उंदीर खाणाऱ्या मांजरीच्या विष्ठेत उंदराच्या जंतांची अंडी येतात. उंदराच्या पोटातली मादी अंड्यांनी गच्च भरलेली असते. मांजरीने उंदीर खाल्ला की मादी पचते, पण अंड्यांची जाड कवचं पचत नाहीत. ती जशीच्या तशी दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. मांजरीला तो जंत झालेला नसतो. अंडी फक्त तिच्या आतड्यातून प्रवास करतात. अशा अंड्यांवर कोणतीही गोळी चालणार नाही. गोळी जंत मारते, आणि मारायला जंतच नाही. पुढच्या रात्री चिंगीने आणखी एक उंदीर खाल्ला की अंडी पुन्हा हजर.

हे तपासायला महागडं काही लागत नाही. मांजर उंदरांपासून दूर ठेवायची आणि रोज विष्ठा बघायची. जंत तिच्या स्वतःच्या उंडुकात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत) असेल तर अंडी येत राहतील. उंदराची असतील तर दोन-चार दिवसांत संपतील. मांजरीचं उंडुक जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचं, त्यात जंत असलेच तर थोडेच असतात आणि अंडीही रोज सारखी पडत नाहीत. म्हणून एका स्वच्छ नमुन्यावर "नाही" म्हणायचं नाही, लागोपाठ बरेच नमुने हवेत.

मी काकूंना दहा दिवस चिंगीला वरच्या खोलीत ठेवायला सांगितलं. त्या जरा गप्प झाल्या.

"दहा दिवस? गोदामात उंदीर नुसता धुडगूस घालतीन."

"दहा दिवस चाप लावा काकू. आणि चापात उंदीर सापडला तर फेकू नका. हातमोजे घालून पिशवीत बांधा आणि माझ्याकडे पाठवा."

"उंदीर पाठवू?" नातवाचे डोळे मोठे झाले. काकूंनी त्याला मागे ओढलं.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. दुकान बंद झालं की चिंगीला रोज वाटीभर म्हशीचं दूध मिळत होतं, आणि दोन महिन्यांपूर्वी अर्ध्या वाटीची पूर्ण वाटी झाली होती. बऱ्याच मोठ्या मांजरींना दुधातली साखर पचत नाही. दूध त्याच दिवसापासून बंद केलं. फेनबेन्डाझोल हे चाबूक जंतावरचं औषध माझ्या कपाटात होतं, पण ते दिलं नाही. दिलं असतं आणि अंडी थांबली असती, तर औषधाने थांबली की उंदीर बंद झाल्यामुळे, हे कधीच कळलं नसतं.

मोजणी अशी झाली. पहिल्या दिवशी २२ अंडी. दुसऱ्या दिवशी १७. तिसऱ्या दिवशी ५. चौथ्या दिवशी एक, तेही साखरेत चेपलेलं. पाचव्या दिवसापासून दहाव्यापर्यंत सहाही नमुन्यांत एकही नाही. शी पाचव्या-सहाव्या दिवशी घट्ट झाली.

चापातला उंदीर

दुसऱ्याच दिवशी दुपारी काकूंच्या दुकानातला मुलगा दुहेरी पिशवीत बांधलेला उंदीर घेऊन आला. लहान घरउंदीर, चापात मान मोडलेला, अजून मऊ. हातमोजे आणि मास्क लावून मी तो ट्रेमध्ये उघडला. उंदरामुळे माणसाला होणारे आजार लक्षात घेता हे काम उघड्या हाताने कुणीही करू नये.

उंदराचं उंडुक त्याच्या अंगाच्या मानाने केवढं मोठं असतं! स्वल्पविरामासारखी वळलेली, हिरवट-करडी पिशवी, आत धान्याचा भुगा. ती वेगळी काढून पेट्री डिशमध्ये सलाइनखाली ठेवली, बारीक कात्रीने वळणावरून उभी चिरली आणि आतलं हळूच धुतलं. मग दिसले ते. आतल्या अस्तरावर आकड्यासारखे वळलेले पाच पांढरे जंत, जाड शेपट्या पाण्यात मोकळ्या डुलत होत्या. डोक्याकडची बाजू दिसतच नव्हती. ती केसाएवढी बारीक वादी अस्तराच्या आत शिवलेली होती, कापडात टाका घालावा तशी. चिमट्याने ओढली तर ती तुटते आणि निम्मा जंत आतच राहतो. म्हणून सुईच्या टोकाने अस्तर बाजूला करत एकेक सोडवावा लागला. पाचपैकी चार अखंड निघाले, एक तुटला.

गरम केलेल्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकले की जंत सरळ होऊन मरतात, गार अल्कोहोलमध्ये आक्रसतात. तीन माद्या सरळ झाल्या. दोन नर मात्र तसेच राहिले, कारण नराची शेपटी मुळातच स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. सगळ्यांत लांब मादी ३४ मिलिमीटरची भरली. त्यातले २१ मिलिमीटर बारीक वादीचे, उरलेले जाड मुठीचे. बारीक भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की आत मण्यांची माळ दिसते. अन्ननलिकेभोवती एकापुढे एक ओवलेल्या त्या मोठ्या पेशी असतात, आणि त्या दिसल्या की जंत या गटातला आहे याची शंका उरत नाही. बारीक आणि जाड भाग जिथे जुळतात तिथेच मादीचं जननछिद्र होतं, आणि तिथून मागे गर्भाशयात अंडी दाटीवाटीने भरलेली.

नर रात्रभर लॅक्टोफिनॉलमध्ये पारदर्शक व्हायला ठेवला. दुसऱ्या दिवशी शेपटीच्या वळणात एकच स्पिक्युल, म्हणजे मीलनासाठीचा काटा, स्पष्ट दिसलं. बहुतेक गोल जंतांच्या नरात स्पिक्युलची जोडी असते. चाबूक जंतात एकच. त्याच्याभोवती म्यान आणि म्यानावर बारीक काटे. जात ठरवताना खरं काम इथेच असतं. स्पिक्युलची लांबी, त्याच्या टोकाचा आकार, म्यानाचा आकार, काटे कुठून कुठपर्यंत पसरलेत हे सगळं मोजून, चित्र काढून ठेवायचं. एका नराचं म्यान बाहेर आलेलं होतं आणि दुसऱ्याचं आत ओढलेलं. एकाच जातीचे, एकाच उंदरातले दोन नर, पण दिसायला दोन वेगळ्या जातींचे वाटावेत इतका फरक. एकुलत्या एका नमुन्यावरून नवी नावं कशी पडली असतील, हे त्या संध्याकाळी पुरतं कळलं.

मग मादीच्या जननछिद्राजवळची पिकलेली अंडी फोडून काढली. मागची कोवळी अंडी मोजायची नाहीत. त्यांची बुचं पुरती झालेली नसतात. लांबी २६ ते २८ रेघा, रुंदी १२ ते १४, आणि बहुतेक २७ बाय १३. तीच ६७.५ बाय ३२.५. चिंगीच्या स्लाइडवरचं अंडं आणि उंदरातल्या मादीचं अंडं शेजारी-शेजारी ठेवली तर कुठलं कुणाचं हे मला सांगता आलं नसतं.

उंदराच्या यकृतावर मुगाच्या दाण्याएवढी एक पांढरी गाठ होती. फोडली तर आतून घडी घातलेला पांढरा फितीसारखा किडा उलगडला. मांजरीच्या एका पट्टकृमीची ही कोवळी अवस्था. असा उंदीर खाल्ला की मांजरीला पट्टकृमी होतो. म्हणजे चिंगीला प्राझिक्वांटेलची गोळी लागणार होतीच, पण ती या गाठीसाठी. ज्या अंड्यांसाठी ती तीनदा दिली गेली, त्यांचा तिच्याशी संबंध नव्हता.

रिपोर्टवर काय लिहिलं

अकराव्या दिवशी काकूंच्या हाती दिलेला कागद असा होता:

"मांजर, मादी, ३ वर्षं. विष्ठेत ट्रायच्युरिस कुळाची अंडी, बुचांसकट ६५ ते ७० बाय ३० ते ३५ मायक्रॉन, कवच गुळगुळीत, बुचं समोरासमोर. मापं ट्रायच्युरिस व्हल्पिसशी जुळत नाहीत. उंदरांपासून वेगळं ठेवल्यावर चार दिवसांत अंडी संपली; पुढचे सहा नमुने स्वच्छ. घरातल्या उंदरात ट्रायच्युरिस म्युरिसशी जुळणारे प्रौढ जंत, अंड्यांची मापं तीच. निष्कर्ष: अंडी खाल्लेल्या उंदरातली. मांजरीला चाबूक जंताचा संसर्ग असल्याचा पुरावा नाही."

"जुळणारे" हा शब्द मी विचार करून लिहिला. दोन नर, तीन माद्या आणि यजमान घरउंदीर, एवढ्यावरून म्युरिस म्हणायला हरकत नव्हती. पण डीएनए केलेला नव्हता, आणि जे केलं नाही त्याचं वजन कागदावर येऊ नये.

काकूंनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे हे जंत चिंगीचे नोहेत?"

"नाहीत."

"आन् पोराले?"

पोराबद्दल मी त्यांना सविस्तर सांगितलं. उंदराचा चाबूक जंत माणसाचा नाही. शिवाय ताज्या विष्ठेतलं चाबूक जंताचं अंडं लगेच कुणालाच लागत नाही. आत अळी तयार व्हायला ते ओलसर मातीत काही आठवडे राहावं लागतं. पण मांजरीचा साधा गोल जंत मुलांना त्रास देऊ शकतो, आणि उंदीर खाणाऱ्या मांजरीला तो सहज होतो. तेव्हा दर तीन महिन्यांनी तिला जंताची गोळी द्यायची, तिची शी रोजच्या रोज उचलायची, पोराने जेवणाआधी साबणाने हात धुवायचे. कुशीत घेऊन झोपायचं की नाही हे घरच्यांनी ठरवायचं. मी मनाई केली नाही. काकू ऐकताना मान डोलवत होत्या. मग म्हणाल्या, "मारबतीले म्हटलं होतं मी, इडापिडा घेऊन जा म्हणून. चिंगीचंही नाव घेतलं होतं."

एक बाब मला अजून पक्की करायची होती. दूध आणि उंदीर दोन्ही एकाच दिवशी बंद झाले होते, त्यामुळे शी कशामुळे सुधारली ते त्या दहा दिवसांवरून ठरत नव्हतं. अकराव्या दिवशी चिंगीला गोदामात सोडलं, दूध मात्र बंदच ठेवलं. त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला: "मॅडम, आज एक मारला. अर्धा खाल्ला, अर्धा तराजूखाली ठेवला." दोन दिवसांनी मुलगा ताजा नमुना घेऊन आला. घट्ट, कोरडा, आव नाही. कव्हरस्लिप उचलली, ४० ची लेन्स लावली. २७ बाय १३ रेघा.

नोंदवहीत त्या तारखेसमोर लिहिलं आहे: अंडी १४. शी घट्ट. औषध दिलं नाही.